तेवीस नंबर, हजर!

परवा सकाळी चहा घेता घेता मोबाईल उघडला, तर आमच्या 'दहावी ब' मध्ये सत्तेचाळीस निरोप येऊन पडलेले. म्हटले, काहीतरी विशेष घडलेले दिसते. पाहतो तर काय, सात नंबरच्या दुकानातल्या गुळाच्या ढेपेला मुंग्या लागल्या होत्या, आणि त्यावर रात्री साडेअकरापर्यंत चर्चासत्र चालले होते! सौ. म्हणाली, "एकटेच काय हसताय?" मी वाचून दाखवले, तिलाही हसू आवरेना. शेवटचा निरोप पहाटे चार वाजून दहा मिनिटांचा होता. "मुंग्यांना मारू नको लेका. त्यांनी खाल्लं, पण उधारी तरी मांडायला लावली नाही."

पहाटे चार-दहाला जागा असणारा आमच्या वर्गात एकच. तेवीस नंबर. तो फौजेत आहे. आज त्याच्याविषयीच लिहायचे आहे.

आधी या नंबरांचा खुलासा करतो. ही मुले २००४ साली दहावीला होती, मी त्यांचा वर्गशिक्षक. मराठी आणि इतिहास शिकवायचो. नोकरीची शेवटची पाच वर्षे उरली होती आणि नावे लक्षात राहीनाशी झाली होती, म्हणून हजेरी क्रमांकाने हाक मारायची सवय लागली. पुढे २०१६ साली मुलांनी स्नेहमेळावा घेतला, त्यातून हा व्हॉट्सॅपचा ग्रुप निघाला आणि मला सन्मानाने आत घेतले गेले. तिथेही सगळे एकमेकांना नंबरानेच ओळखतात. सात नंबरचे गावात किराणा दुकान आहे. पंधरा नंबर चाकणला कारखान्यात आहे. एकतीस नंबर शारजात. बेचाळीस नंबर मुंबईत नर्स आहे आणि सगळ्या ग्रुपला तिचा धाक आहे. मला कुणी नंबर दिला नव्हता. तेवीस नंबरने दिला, शून्य. "सर, शून्याला किंमत नसते असं नाही, आमच्यापुढं उभे राहिलात की आमची किंमत वाढते." मी म्हटले, "गाढवा, शून्य पुढे लावून किंमत वाढत नाही, मागे लावून वाढते." त्यावर उत्तर आले, "म्हणूनच गणितात पस्तीस होते सर."

तर असा हा तेवीस नंबर. आमचे गाव खटाव तालुक्यातले. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड, आणि घराघरातून एक तरी पोरगा पलटणीत, ही आमच्याकडची जुनी रीत. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे, त्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे सेहेचाळीस जवान कामी आले, त्याचे स्मारक तिथे आहे. वर्गात हे सांगताना माझा आवाज चढायचा. पुढे बसलेल्या पोरांच्या डोळ्यांत काय चालले आहे, ते तेव्हा माझ्या लक्षात येत नसे. आता येते.

भरतीसाठी तिघे एकत्र पळायचे. पहाटे साडेचारला माझ्या घरावरून जाताना मुद्दाम "शुभ प्रभात सर" म्हणून ओरडायचे, म्हणजे माझी झोप मोडावी! सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत पूर्ण केले तर पूर्ण गुण. दहा पुलप्स. छाती सत्त्याहत्तर सेंटीमीटर आणि फुगवून आणखी पाच. तिघांत पळण्यात सर्वांत पुढे असायचा तो सात नंबर. पण छाती फुगवल्यावर दोन सेंटीमीटर कमी भरली, आणि तो परत आला. तेवीस नंबर निवडला गेला. सात नंबरने वडिलांचे दुकान सांभाळायला घेतले. आजही ग्रुपवर त्याने काही फुशारकी मारली की उत्तर ठरलेले असते, "दोन सेंटीमीटरनं देश वाचला!" सगळे हसतात, तोही हसतो. या विनोदाखाली काय आहे ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. असो.

बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात त्याचे प्रशिक्षण झाले. २००७ सालची गोष्ट. कसम परेडला त्याच्या वडिलांबरोबर मी एस.टी.ने गेलो होतो. वडील शेतकरी माणूस, आयुष्यात पहिल्यांदाच जिल्ह्याबाहेर पडलेले. मैदानात एकसारखे केस कापलेली, एकसारखी पावले टाकणारी शेकडो पोरे. वडील मला सारखे विचारत, "सर, आपला कंचा?" मलाही ओळखू येईना. शेवटी परेड सुटल्यावर तोच धावत आला. आधी वडिलांच्या पाया पडला, मग माझ्या. वडिलांनी त्याच्या गालाला हात लावला आणि एवढेच म्हणाले, "जेवाय मिळतं न्हवं?"

नंतर पत्रे सुरू झाली. फौजेच्या पत्त्यात मला फार गंमत वाटायची. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी '५६ ए.पी.ओ.'. ना गाव, ना तालुका, ना जिल्हा. माणूस बर्फात आहे की वाळूत, पाकिटावरून पत्ता लागायचा नाही. त्याचे पहिले पत्र आले २००८ साली. दोन पानांत एकवीस चुका. र्‍हस्व-दीर्घाचा तर सगळाच आनंद. मी हाडाचा मास्तर, मला राहवले नाही. लाल शाईने सगळे पत्र तपासले, खाली 'अक्षर सुधारावे' असा शेरा मारला, आणि उत्तराबरोबर ते त्याचे त्यालाच परत पाठवले. सौ. तेव्हा माझ्यावर रागावली होती. "पोरगं तिकडं कुठं थंडीत आहे, आणि तुम्ही त्याच्या वेलांट्या बघताय!" मलाही मग थोडे ओशाळल्यासारखे झाले. या पत्राची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवली.

फौजेतला दिवस कसा असतो, हे मला त्याच्याकडूनच तुकड्यातुकड्याने कळले. सिनेमात पाहून आपल्याला वाटते, की सैनिक म्हणजे सदानकदा बंदूक रोखून उभा. तो म्हणतो, "सर, फौजेत गोळ्या कमी आणि झाडू जास्त." पलटण शांततेच्या ठाण्यावर असली की पहाटे उठायचे, रोज दाढी झालीच पाहिजे, मग पी.टी. मगभर चहा. परेड, शस्त्रांची सफाई, नळीतून चिंधी ओढून ओढून ती पांढरी निघेपर्यंत साहेबाचे समाधान नाही. दुपारी कुठे गवत काप, कुठे दगडांना चुना लाव. संध्याकाळी व्हॉलीबॉल नाहीतर फुटबॉल. मग गिनती, म्हणजे रांगेत उभे राहून मोजणी. मग लंगरचे जेवण. आणि रात्री वाट्याला येईल ते दोन तास पहारा. या पहाऱ्यावरून उतरला की त्याचा आमच्याशी संवाद, म्हणून ते पहाटे चार-दहा.

सण असला की बडा खाना. त्या दिवशी अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात. गणपती तर त्यांच्या पलटणीत जोरात, आणि नाहीतरी फौजेत मराठा जवानाला 'गणपत' याच नावाने ओळखतात. त्याच्या खाटेखाली एक काळी पत्र्याची पेटी असते, तिच्यावर पांढऱ्या रंगाने त्याचा नंबर आणि नाव रंगवलेले. तो म्हणतो, "सर, माझं घर म्हणजे ही पेटी. कुलूप लावलं की गाव बदललं."

काही वर्षांपूर्वी तो सियाचीनलाही जाऊन आला. १९८४ च्या एप्रिलपासून आपले जवान तिथे बसलेले आहेत. शून्याखाली चाळीस-पन्नास अंश म्हणजे काय, हे मला इतिहास-भूगोल शिकवून कळले नव्हते, ते त्याच्या विनोदांतून कळले. पाणी हवे तर बर्फ वितळवा. डाळ कुकरशिवाय शिजत नाही. टूथपेस्ट नळीतून बाहेर येत नाही. उघड्या हाताने लोखंडाला शिवायचे नाही, कातडी चिकटते. रॉकेलच्या शेगडीला तिथे बुखारी म्हणतात, तिच्या काजळीने नाक आतून काळे. "सर, अंडं भिंतीवर मारलं तर भिंतीचं नुकसान हुईल," असे त्याने परत आल्यावर सांगितले होते. सात नंबर लगेच म्हणाला, "मग तुझ्या डोक्यावर मारून बघायचं की!" तिथून बरोबरचे सगळे परत आले का, हे मी एकदाच विचारले. तो म्हणाला, "सर, चहा घेऊ." मी पुन्हा विचारले नाही.

आता माझी चूक सांगतो. २०२१ च्या हिवाळ्यात त्याने मला एकट्याला एक फोटो पाठवला. बर्फात उभा, गालावर लाली, अगदी राजबिंडा. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! तत्काळ तो ग्रुपवर टाकला, आणि तेवढ्यावर न थांबता आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही. 'माझा विद्यार्थी' असे खाली लिहून. वीस मिनिटांत त्याचा फोन. आवाज एकदम वेगळा. "सर, फोटो काढा. मागं पाटी दिसतीय." मी चष्मा लावून पाहिले. खरेच, मागे एक पाटी होती, अक्षरे वाचता येत होती. फौजेत मोबाईलच्या वापरावर कडक नियम आहेत. २०२० च्या जुलैमध्ये तर एकोणनव्वद ॲप काढून टाकायचा हुकूम निघाला होता, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होते. हे मी वर्तमानपत्रात वाचलेले होते. तरीही मी शहाण्याने फोटो वाटला! आणि तो सगळ्यांकडून पुसायचा कसा, हे मला येईना. पंधरा नंबरने फोनवरून एकेक बटण सांगत तो पुसायला लावला.

"पण तोवर कुणी पुढे पाठवला असेल तर रे?" मी विचारले.

"बघू सर. चूक माझीच आहे, मी पाठवायलाच नको होता."

ज्याला मी दहावीत पट्टी मारली होती, तो माझी चूक आपल्या अंगावर घेत होता. चार रात्री मला झोप लागली नाही. सुदैवाने पुढे काही झाले नाही. पण त्यानंतर बेचाळीस नंबरने ग्रुपला तीन नियम घालून दिले. एक, तेवीस नंबरला 'कुठे आहेस' विचारायचे नाही. दोन, 'सुट्टी कधी' विचारायचे नाही. तीन, फौजेचा कसलाही फोटो टाकायचा नाही. विचारायचेच असेल तर 'जेवलास का' एवढेच विचारायचे. बेळगावच्या मैदानावर त्याच्या वडिलांनी नेमके तेच विचारले होते, हे माझ्या नंतर लक्षात आले.

हे नियम चार वर्षे नीट चालले. मग २०२५ चा एप्रिल आला. बावीस तारखेला पहलगामची ती भयंकर बातमी. ग्रुपवर दोन दिवस कुणी विनोद केला नाही. तेवीस नंबरचा शेवटचा निरोप चार मेचा. सात नंबरने कलिंगडाचा फोटो टाकला होता, त्यावर याने लिहिले होते, "आतून लाल असेल तर पाठव, नाहीतर तूच खा." मग तो गप्प झाला.

सात मेला सकाळी उठलो तर ऑपरेशन सिंदूरची बातमी. त्या चार दिवसांत आपल्या सगळ्यांच्या घरांत जे झाले तेच आमच्याकडे झाले. दूरदर्शन संच बंद होईना. वाहिन्यांवर काय काय दाखवत होते, त्यातले बरेचसे पुढे खोटे ठरले. पण तेव्हा आम्ही ते डोळे फाडून पाहत होतो. ग्रुपचा तर नूरच पालटला. सात नंबरने भला मोठा निरोप लिहिला, 'आमच्या वीर मित्रास शतशः सॅल्यूट'. त्याखाली तिरंगे, हात जोडलेले, मशाली. शारजाच्या एकतीस नंबरने कविता केली. आणि मी? मीही लिहिले. जपून, अलंकारिक भाषेत, 'तुम्हा वीरांना या वृद्ध शिक्षकाचे कोटी कोटी प्रणाम. आपण आहात म्हणून आम्ही आहोत.' तेव्हा मला ते फार चांगले वाटले होते.

दहा तारखेला संध्याकाळी गोळीबार थांबल्याचे जाहीर झाले. तरी याचा पत्ता नाही. अकरा, बारा, तेरा. त्याची बायको गावातच असते, तिलाही काही नव्हते. तिला विचारायला जायचे म्हणजे तिची काळजी वाढवायची, म्हणून मी सौ.ला पाठवले. सौ. परत येऊन म्हणाली, "तिनं मलाच चहा करून दिला. आणि म्हणाली, काकू, निरोप नाही म्हणजे सगळं ठीक असतं. वाईट असलं तर निरोप लगेच येतो." अठरा वर्षांच्या संसारात पोरीने काय शिकून ठेवले होते!

चौदा तारखेला सकाळी मला काय वाटले कोण जाणे, मी ग्रुपवर हजेरी घ्यायला सुरुवात केली. 'नंबर एक?' एक नंबरने लिहिले, 'हजर सर'. मग दोन, तीन. बेचाळीस नंबर तर रात्रपाळी करून आलेली, तरी हजर. बावीसनंतर मी लिहिले, 'नंबर तेवीस?' थोडा वेळ थांबलो आणि मग चोवीस लिहिले. पंधराला पुन्हा तसेच. सोळा तारखेला तेवीसवर थांबलो होतो. सौ. मागून म्हणाली, "रोज कशाला त्रास करून घेता?" तेवढ्यात सात नंबरने मध्येच लिहिले, "थम! कौन आता है?" संतरी रात्री अनोळखी माणसाला असे दरडावतो, हे तेवीस नंबरनेच आम्हाला शिकवले होते. पुष्कळ दिवसांनी कुणी ग्रुपवर दिसला की त्याला तसे विचारायची आमच्याकडे पद्धत. खाली पाहिले, तेवीस नंबरच्या नावापुढे काहीतरी लिहीत असल्याची खूण.

"दोस्त."

आणि मग, "हजर सर. उशीर झाला, बाकावर उभा राहू का?"

मी मोबाईल सौ.कडे दिला. मला काही दिसेना.

तो सुट्टीवर आला गणपतीत. सात नंबरच्या दुकानासमोरच्या बाकावर आम्ही तिघे बसलो होतो. मी त्याला त्या दिवसांविषयी काहीच विचारायचे नाही, असे ठरवून गेलो होतो. त्यानेच विषय काढला, पण वेगळाच.

"सर, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल."

"त्या वेळी चार-पाच दिवस फोन जमा होते. मिळाला तेव्हा मी पहिलं काय उघडलं असंल, तर आपला ग्रुप. म्हटलं, ह्यानं कलिंगडाचं काय केलं बघू. तर सगळीकडं नुसतं सॅल्यूट, सॅल्यूट. शिव्या कुणीच देईना. मला वाटलं, मी मेलो का काय! माणूस गेल्यावरच असं लिहितात न्हवं?" मग सात नंबरकडे वळून म्हणाला, "आणि तू रं? वीर मित्र? लेका, तू माझं पंधराशे रुपये देणं लागतोस, ते आधी दे."

सात नंबर मान खाली घालून वजनाची मापे इकडची तिकडे करीत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "मला दुसरं काय लिवावं कळंना. टीव्ही बघून हात कापत हुतं. तू तिथं आणि मी हितं साखर तोलतोय."

"तोल की. तुझी साखर हाय म्हणून तर माझ्या घरी चहा हुतोय." एवढे बोलून त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोन सेंटीमीटरचा विनोद त्या दिवशी कुणी केला नाही.

मग तो माझ्याकडे वळला. "आणि सर, तुम्ही मला 'तुम्ही' म्हणालात. 'आपण' पण म्हणालात. ते वाचून मला खरी भीती वाटली."

मी काय बोलणार? चाळीस वर्षे मुलांना सर्वनामे शिकवली. 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांतला फरक फळ्यावर लिहून दिला. पण ज्याला 'तू' म्हणायचे त्याला 'तुम्ही' म्हटले की तो आपल्यापासून किती लांब जाऊन उभा राहतो, हे मला या पोराने शिकवले. आम्हाला वाटत होते, आम्ही त्याला मान देतो आहोत. त्याला मात्र कलिंगड हवे होते, उधारी हवी होती, गावात कुणाची म्हैस व्याली ते हवे होते. मान द्यायला तिकडे पुष्कळ जण आहेत. 'ए गाढवा' म्हणायला आम्हीच.

जाण्याच्या आदल्या दिवशी तो निरोप घ्यायला घरी आला. सौ.ने बेसनाचे लाडू बांधून दिले. बोलता बोलता खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद काढला. तेच ते २००८ सालचे पत्र! घड्या पडून झिजलेले, पण माझी लाल शाई तशीच. मी ओशाळून म्हणालो, "अरे, हे अजून ठेवलेस?"

"पेटीत असतं सर. नवीन होतो तेव्हा बराकीत सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. हसून हसून लोळले. सुभेदार साहेब म्हणाले, ज्याचा मास्तर अजून रागावतोय, त्याची काळजी नाही." मग मिश्कील हसून म्हणाला, "एक चूक तुमच्या नजरेतून सुटलीय सर. 'आशिर्वाद' मधली शि पहिली."

मी चष्मा लावून पाहिले. खरेच सुटली होती. सौ.ने लाल पेन शोधून आणले. मी ती वेलांटी दुरुस्त केली, एकवीसचे बावीस केले, आणि कागद त्याला परत दिला.

तो सध्या कुठे आहे, मला माहीत नाही. विचारतही नाही. रोज सकाळी हजेरी घ्यायची माझी सवय मात्र तशीच राहिली आहे. सगळ्यांनीच रोज उत्तर द्यावे असा आग्रह नाही, ज्याला जमेल त्याने द्यावे. कधी तेवीसपुढची जागा दोन-दोन दिवस मोकळी राहते. मी चोवीसकडे जातो.

असो. लांबले खरे. आज सकाळी चार वाजून वीस मिनिटांनी 'हजर' आले आहे, आणि त्याखाली सात नंबरसाठी एक ओळ. ती इथे लिहिण्यासारखी नाही!